कोरड्या मातीचा बांध

मेडशी, २९ जून १९७३

कस्तुरा,

अक्षर ओळखून पाकीट फाडलं नसशील, तर पुढं वाच. हे आधीच्या तीन पत्रांसारखं नाही. त्यांचं तू काय केलंस ते मी विचारत नाही. हे कामाचं पत्र आहे. सोबत तंबाखूच्या डब्यात माती आहे. आमच्या गाडीचा कंडक्टर गोपीचंद हा डबा तुझ्या होस्टेलच्या दारात देईल. त्याला चहा विचारू नको, तो बसतो.

डब्यातली माती कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासून घे. चिकण किती, रेती किती, पाण्यात फुगते किती, एवढंच. कुठली म्हणून कोणी विचारलं तर गावाकडची म्हण. सरांसमोर माझं नाव काढू नको.

आमच्या गावाच्या वर, डोंगराच्या घडीत, हेमला नाईकाचा तांडा आहे. बावीस घरं. तांड्याच्या डोक्यावर नाला, आणि त्या नाल्यावर दुष्काळात लोकांनी मातीचा बांध घातला. सहा दिवस सडकेवर सरकारी कामाची खडी फोडायची, सुकडी खायची, आणि सुटीच्या दिवशी आपल्या बांधावर टोपली टाकायची, असं पाच महिने. बांध एका ओळखीच्या माणसानं आखून दिला. चांगला बांध आहे. जूनच्या पावसातच पाऊण भरला. तांड्यातल्या म्हाताऱ्या सकाळी उठून नुसतं पाणी पाहायला जातात आणि पाहून परत येतात.

आता बांधाच्या बाहेरच्या अंगाला, तांड्याकडं, कमरेएवढ्या उंचीवर एक ओला डाग पडलाय. परातीएवढा. असे डाग पडतात, मला माहीत आहे. भ्यायचं काही नाही. तरी माती तपास.

मी बरा आहे. कॉलेज सोडल्याचा पस्तावा नाही, दुष्काळात घरी कोणी तरी लागतंच. पावसाची कार्डं तिकडं पोचत असतील. कॉलेजनं दिलेला पर्जन्यमापक अजून आमच्या अंगणात आहे. परत मागायला कोणी आलं नाही, म्हणून रोज सकाळी साडेआठला मोजतो आणि आठवड्याचं कार्ड टाकतो. मागच्या साली शून्य लिहून लिहून हात कंटाळला होता. आता शून्य लिहावं वाटते.

शेषराव


३ जुलै

कस्तुरा,

डबा पोचला म्हणे. गोपीचंद सांगतो, "बाईनं हातात घेतला, झाकण उघडून वास घेतला, आन काई न बोलता आत गेली." चेहरा कसा होता म्हणून मी त्याला तीनदा विचारलं. म्हणतो, "बावा, मी तिकिटं फाडतो, चेहरे पायत नाही."

डाग आता गाडीच्या चाकाएवढा झाला. मधोमध एका जागेतून पाणी ठिबकतं. मी तिथं एरंडाचं पान खोचलं, पानाच्या टोकाखाली औषधाची रिकामी बाटली धरली, आणि भरून घरी आणली. सरांचं वाक्य तुलाही पाठ असेल: झिरपणारं पाणी निवळ असेल तर बांधाला घाम आला समजा, गढूळ असेल तर बांध आपलंच पोट पोखरतो आहे. म्हणून रोज एक बाटली. दिवसभर फळीवर हलवायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी तळ पाहायचा.

पहिल्या दोन बाटल्यांच्या तळाला काही नव्हतं. कालच्या बाटलीत आहे. फार नाही. काचेवर बोटाचा ठसा उमटावा एवढं.

आई त्या फळीकडं पाहून म्हणते, "शेषू, दारू पेत असशील तं तोंडावर सांग."

"आई, पाणी हाय ते."

"पान्याले कोन बाटलीत भरून फळीवर मांडते? मंतर करून राह्यला का कोनावर?" असं म्हणून तिनं तुझ्या नावाच्या पाकिटाकडं पाहिलं. तिला वाचता येत नाही, पण पाकीट कोणाचं ते कळतं.

मागच्या पत्रात मी 'एक ओळखीचा माणूस' लिहिलं. तो मीच. लपवून काय करू? दिवाळी झाली तेव्हा हेमला नाईक आमच्या दारात आला आणि म्हणाला, "तू कालेजात होता ना बाप्पा? मंग आमाले पानी अडवून दे." तू तिथं असतीस तर तूही नाही म्हणाली नसतीस. आमच्या वस्तीतल्या माणसापुढं कोणी नाईक असा हात जोडून उभा राहिलेला मी आधी पाहिला नव्हता. मी दुसऱ्या वर्षाची वही काढली आणि दोरी लावून बांध आखला. तेव्हापासून तांडा मला 'कालेजवाले' म्हणतो. मी दुसऱ्या वर्षातच निघालो हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

जास्तीचं पाणी काढून द्यायचा सांडवा किती रुंद ठेवायचा, ते तिसऱ्या वर्षाला होतं. मी दोन हात ठेवला. लोक त्यालाही तयार नव्हते. वर्षभर घागरीमागं पळालेली माणसं, पाणी सोडून द्यायला वाट ठेवा म्हटलं की हसतात.

आज पाऊस १८ मिलिमीटर. उत्तर लिही.

शेषराव


६ जुलै

कस्तुरा,

आज सकाळी मापकात ७१ भरले. मी दोनदा मोजले.

कालच्या बाटलीत नखभर गाळ आहे. काळा, मऊ. बोटात घेतला तर लोण्यासारखा. ही बांधाचीच माती. तुझ्या डब्यात आहे तीच.

आता खरं सांगतो, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

काळ्या मातीचा बांध घालताना प्रत्येक थर ओला करायचा, धुम्मसानं ठोकायचा, मग दुसरा थर. हे दुसऱ्याच वर्षाला होतं. मला येत होतं. पहिल्याच दिवशी मी तांड्यात सांगितलं की माती कोरडी टाकायची नाही, तिला पाणी पाजावं लागते. दुसऱ्या सुटीला हिरीबाई आली. तिचं घर तांड्यात सगळ्यात वर, बांधाच्या पायाशी. डोक्यावर एक घागर, तिच्यावर दुसरी. दीड कोसावरच्या विहिरीतून, दोन तास रांगेत बसून आणलेली. तिनं दोन्ही घागरी माझ्यापुढं ठेवल्या आणि म्हणाली, "घे मास्तर, तुह्या मातीले पाज."

घागरीत एक बेडूक तरंगत होता. तिच्या ओठाला चिरा पडल्या होत्या.

मी काय करायला हवं होतं ते तूच सांग. मी म्हटलं, "घरी ने मावशी. कोरडी टाकली तरी चालते. वरून पाऊस पडला की आपोआप बसते." ती म्हणाली, "खरंच?" आणि मी म्हटलं, "कालेजात असंच शिकवतात."

एवढं एक वाक्य. त्यावर पाच महिने लोकांनी अठरा फूट कोरडी माती रचली. त्या घागरी मी परत पाठवल्या म्हणून हिरीबाई मला आजही दारावरून जाऊ देत नाही, चहा देते. मी तो पितो.

माती कोरडी होती, कस्तुरा. ढेकळाढेकळात पोकळी राहिली असेल. पाणी त्याच पोकळीतून वाट काढतंय.

पाऊस पुन्हा सुरू झाला.

शेषराव


८ जुलै

कस्तुरा,

पानाच्या जागी आता बोट जातं. पहिल्या पेरापर्यंत. मी बोट काढलं तेव्हा सोबत माती आली.

काल तांड्यात सांगायला गेलो होतो. खरंच गेलो होतो. हेमला नाईक पळसाखाली बसून दोर वळत होता. मी म्हटलं, "नाईक, बांध झिरपून राह्यला." तो म्हणाला, "झिरपू दे ना बावा. माह्या म्हशीले तिथं चिखल भेटते. वर्षानं आंघोळ करून राह्यली बिचारी." सगळे हसले. मीही हसलो. चहा घेतला आणि परत आलो.

मला कशाचं भेव वाटते ते मी स्वतःला विचारून पाहिलं. बांध फुटायचं वाटते. पण तो फुटायच्या आधी, तांड्यातला एखादा मला विचारील की काहून फुटून राह्यला, त्याचं जास्त वाटते. एवढा मी वाईट आहे. हिरीबाईचं घर, शेळ्या, तिची आंधळी सासू, हे सगळं बांधापासून पन्नास पावलांच्या आत आहे. मी पावलं मोजलीत.

तू मला याच गोष्टीबद्दल बोलली होतीस. त्या दिवशी प्रयोगशाळेत. दुष्काळासाठी घरी आलो असं मी सगळ्यांना सांगतो, डब्यासोबतच्या पत्रात तुलाही तेच लिहिलं, जणू तू तिथं नव्हतीसच. मी सरांवर ओरडलो होतो की आमच्या गावातून पावसाचे आकडे नेता, विहिरीची पातळी नेता, मातीही नेता, आणि आमच्या गावाला परत काय येते? एक कागद नाही. ते खोटं नव्हतं. पण मग मी टेबलावरचं काचेचं मोजपात्र हातानं लोटलं, ते फुटलं, आणि सर खाली बसून काचा वेचायला लागले. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "शेषराव, तुझ्या रागाचं मला काही वाटत नाही. तुझ्या अर्ध्या शिकण्याचं भेव वाटते."

मी त्याच दिवशी ट्रंक उचलली. तुझ्यावर जीव होता, अजून आहे, म्हणून ते वाक्य जास्त लागलं. तू चुकलीस हे दाखवायला मी बांध घातला. पाण्यासाठी नाही, तुझ्यासाठी. हे आज पहिल्यांदा लिहितोय आणि लिहिताना लाज वाटते, कारण खाली बावीस घरं आहेत.

ही चारही पत्रं सरांना दाखव. माझं नाव सांग. पत्र गोपीचंदच्या हातात देतो, तो दुपारी पोचेल. उत्तर त्याच्याच हातात दे. टपालात टाकू नको, टपाल मेडशीला तीन दिवसांनी येतं.

शेषराव


९ जुलै, सकाळ

कस्तुरा,

पहिल्या गाडीनं तुझा कागद आला. मी तो स्टँडवर उभ्यानं चार वेळा वाचला. घरी आलो तर दुसरा कागद नाही, म्हणून तुझ्याच कागदाच्या पाठीवर लिहितोय. पुढच्या बाजूला तू लिहिलेलं मी इथं उतरून काढतो, म्हणजे हा कागद तुझ्याकडं परत आला तरी उतरता उतरता मला पाठ झालेलं असेल.

"शेषराव, मातीचा निकाल यायला आणखी आठ दिवस आहेत. तोवर थांबू नको. पत्रं सरांपुढं ठेवली. फुटलेल्या काचेबद्दल ते काही बोलले नाहीत. एकच विचारलं, बांधाखाली घरं किती. मग हे सांगितलं. आधी माणसं आणि ढोरं उंचावर. बांधाला कुदळ लावायची नाही. बांधापासून दूर, डोंगराच्या पक्क्या मुरमात चर खोदायचा आणि पाणी हळूहळू उतरवायचं. गळतीच्या तोंडात माती कोंबायची नाही. तिथं रेती टाकायची, रेतीवर गिट्टी. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची.

तुझी कार्डं नोंदवहीत मीच चढवते. दुष्काळाच्या साली तुझं एकही कार्ड चुकलं नाही. सरांना मी म्हटलं, जो वर्षभर खरं शून्य लिहितो तो गाळाबद्दल खोटं लिहिणार नाही. तांड्यात काय सांगायचं ते तुला माहीत आहे. कस्तुरा."

आता निघतो. आई दारातून विचारते, "कुठं चालला एवढा पांढराफटक होऊन?" पावसाळी हवा आहे. मापकात आज ९.

शे.


१४ जुलै

कस्तुरा,

पाच दिवस पेन हातात धरता आलं नाही, तळहात फुटलेत. आता क्रमानं लिहितो.

सोमवारी मी तांड्यात पोचलो तेव्हा लोक सडकेच्या कामावर निघत होते. मी पळसाखाली उभा राहून म्हटलं, "आज कामावर जाऊ नका. घरं खाली करा. बांध राहत नाही."

हेमला नाईक म्हणाला, "काहून राहत नाही? पाऊस पडला की माती आपोआप बसते. तूच सांगतलं."

"मी खोटं सांगतलं."

"कालेजात असंच शिकवतात म्हने."

"नाही शिकवत, नाईक. कालेजात ओली करून ठोकायले शिकवतात. मले माहीत होतं. आन मी कालेज पुरं केलं नाही. दुसऱ्या वर्षात पळून आलो."

मला वाटलं मारतील. मारायला हवं होतं. एक जण पुढं आला आणि माझी कॉलर धरून म्हणाला, "पाच महिने आमच्या बायकाईनं डोक्यावर माती वाह्यली रे!" नाईकानं त्याचा हात सोडवला, पण माझ्याकडं पाहिलं नाही.

मी हिरीबाईकडं पाहत होतो. ती गर्दीच्या मागं उभी होती. ती पुढं आली नाही, शिवी दिली नाही. वळली, खुंट्यावरच्या शेळ्या सोडल्या, सासूला पाठीवर घेतलं आणि वरच्या माळाच्या वाटेला लागली. ती निघाली म्हणून दुसरी निघाली. दुपारपर्यंत तांडा रिकामा झाला. चुलीवरची भांडीसुद्धा नेली.

मग पुरुषांनी बांधाच्या डाव्या अंगाला, डोंगराच्या मुरमात चर धरला. सरांनी सांगितला तसा, बांधापासून तीस पावलं सोडून. मुरूम लोखंडासारखा. माझ्याशी कोणी बोलत नव्हतं, फक्त कुदळ एका हातातून दुसऱ्या हातात जायची. मी गळतीच्या तोंडाशी रेती टाकत होतो, रेतीवर खडी. तीच सडकेची खडी, तांड्यानंच फोडलेली. तोंडाशी वाकलं की वरचं सगळं पाणी माझ्या मानेवर बसल्यासारखं वाटे. मंगळवारी दुपारी चरातून पाणी सुटलं. ते वाहताना पाहून म्हातारे रडले. "सोन्यासारखं पानी," नाईक म्हणाला, "सोन्यासारखं पानी सोडून राह्यलो." मी मान वर केली नाही.

बुधवारी सकाळपर्यंत पाणी माणूसभर उतरलं होतं. त्या सकाळी मापकात ९४. दहा वाजता माळावरून आम्ही सगळ्यांनी पाहिलं. आवाज फार झाला नाही. कोणी पोतं टाकावं तसा. बांधाच्या बाहेरच्या अंगाचा बैलगाडीएवढा तुकडा घसरला, आणि हिरीबाईचा बांधाला लागूनचा शेळ्यांचा गोठा त्याखाली गेला. गोठा रिकामा होता.

बांध उभा राहिला. पाणी आधीएवढं उंच असतं तर राहिला नसता, एवढं मला दुसऱ्या वर्षावरही कळतं.

कोणी मला शाबास म्हटलं नाही, आणि म्हणू नये. तांडा अजून माळावरच आहे. मी रोज बाटली भरतो. गाळ कमी होतोय. पण सकाळी बाटली अजून दोनदा उजेडात धरून पाहतो, आणि ती सवय सुटू नये असं वाटते.

शेषराव


२१ ऑगस्ट

कस्तुरा,

पंधरा दिवसांपूर्वी सर आले होते. तुला माहीत असेल. तूही येणार होतीस आणि ऐन वेळी नको म्हणालीस, हे त्यांनी सांगितलं. मी काही विचारत नाही.

ते एस.टी.तून छत्री घेऊन उतरले, चालत आमच्या घरी आले, आणि तांड्याकडं निघायच्या आधी बाटल्या मागितल्या. सगळ्या एकोणचाळीस. उजेडात धरून एकेक पाहिली, तारखा वहीत उतरवल्या. आई म्हणाली, "न्या बाप्पा, माही फळी मोकळी करा." त्यांनी खरंच नेल्या.

तांडा तोवर माळावरून घरी परतला होता; हेमला नाईकानं त्यांना आपल्या घरात बसवलं आणि विचारलं, "साहेब, एक सांगा. तुमच्या कालेजात अर्धा मानूस कायले बनवता? बनवता तं पुरा बनवा, नाई तं आमच्याकडं धाडू नका."

मला वाटलं सर माझ्याकडं बोट दाखवतील. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "नाईक, आमचंही अर्धंच आहे. मी बावीस वर्षं बांध शिकवतो, पण बांधाखालच्या घरात आज पहिल्यांदा बसलो." पुढच्या हिवाळ्यात तिसऱ्या वर्षाची पोरं पंधरा दिवस इथंच राहून दुरुस्ती शिकतील, असं ते म्हणाले. त्यांना आणीन म्हणाले, पाठवीन म्हणाले नाहीत. नाईकानं 'पायतो' एवढंच म्हटलं. जाताना सर मला म्हणाले, "सांडवा तिसऱ्या वर्षाला आहे, शेषराव." मी त्यांच्या पायाकडं पाहत होतो. मोजपात्राचं माझ्या तोंडून निघालंच नाही. ते मी तिकडं येऊन बोलीन.

पाऊस आठ दिवसांपासून उघडलाय. मातीचा निकाल पाहून सरांनी लिहून दिलेल्या कागदाप्रमाणं घसरलेली जागा आम्ही खोदून मोकळी केली आणि काल पहिला थर टाकला. तांड्यात मी सांगितलं होतं की आता माझ्या शब्दावर टोपलं उचलू नका, कागद पाहा. तर एकानं कागद उलटा धरून पाहिला आणि म्हणाला, "बराबर हाय." जुलैनंतर पहिल्यांदा लोक माझ्यासमोर हसले.

मी धुम्मस घेऊन उभा होतो. पाणी आता खालीच आहे, बादल्या भरून आणता येतात, आणि दोघे तिघे त्याच कामाला निघाले होते. तेवढ्यात हिरीबाई आली. त्या सोमवारपासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. डोक्यावर घागर, तिच्यावर दुसरी. बांधाच्या पाण्यातून नाही, त्याच दीड कोसावरच्या विहिरीतून आणलेल्या. मला तिच्या पायावरची लाल माती दिसली, तसली माती त्या वाटेशिवाय कुठं नाही.

तिनं दोन्ही घागरी मातीवर ओतल्या. माती फसफसली, काळी झाली, बसली. तिनं रिकाम्या घागरी काखेत घेतल्या आणि माझ्याकडं पाहून विचारलं,

"सांग आता. कालेजात असंच शिकवतात?"

सगळे थांबले होते.

मी म्हटलं, "हो मावशी." आणि धुम्मसाचा दांडा धरला.

शेषराव